बंद घरातली जोडी

निरुपमाच्या कादंबरीत सगळं होतं. भुयार होतं, विषाची कुपी होती, लंगडे दिवाणजी होते, आणि कुणी हात न लावता वाजणारी एक सतारही होती. नव्हती ती फक्त जोडी. म्हणजे नायक होता, नायिका होती, दोघंही देखणी होती, दोघांची अक्षरं वळणदार होती. पण ती दोघं एका खोलीत आली की त्या खोलीची कचेरी व्हायची.

हे तिचं मत नव्हतं. बडोद्यात मांडवीजवळच्या छापखान्यातून जे मासिक निघे, त्याच्या संपादकांचं, दिनकररावांचं होतं. आणि त्यांनी ते उघड्या पोस्टकार्डावर कळवलं होतं, त्यामुळे आता ते पोस्टमनचंही होतं.

"आपला खलपुरुष उत्तम वठला आहे," असं कार्डावर होतं. "नायक-नायिका भेटू लागले की मात्र वाचक पान उलटतात. अंधाऱ्या भुयारात दोघंच असताना नायिका नायकास त्याच्या परीक्षेचा निकाल विचारते, हे बरे नव्हे. पुढील प्रकरणात जोडी जिवंत न झाल्यास कथा आवरती घ्यावी लागेल."

पोस्टमननं कार्ड हातात देताना आपुलकीनं विचारलं, "मग पास झाला का तो?"

निरुपमाला रडूच यायचं बाकी राहिलं. इंटरपर्यंत कॉलेजात शिकलेली बाई. घरांच्या त्या ओळीतल्या बायका तिच्याकडून तार वाचून घेत. बाळंतपणानंतर घर, पाळणा आणि धुपाटणं यांत बुडालेली असताना ही कादंबरी म्हणजे तिचं नाक पाण्याबाहेर राहिलेलं. ती आवरती घ्यायची?

पण जोडी आणायची कुठून? पाहिलेली असायला हवी ना! तिच्या सासरी नवरा-बायको हा प्रकार दिसतच नसे. रीतच तशी होती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून निरुपमा आणि रमाकांत खाली बोलत नसत. माडीवर काय बोलतील तेवढंच. ते एक ठीक. पण सासूबाई-मामंजीही बोलत नसत! कारण मामंजींना ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्या आत्याबाई अजून घरात होत्या. ऐंशीच्या घरातल्या. डोळ्यांनी जवळजवळ गेलेल्या, पण कान असे, की माजघरात सुई पडली तर ती रफूची की वाकळेची हे ओसरीवरून सांगत. त्यांच्यासमोर दामोदरपंतांनी, म्हणजे मामंजींनी, लग्नापासून बायकोशी सरळ एक वाक्य बोललेलं नव्हतं. सुभ्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, घरी भाजीत मीठ नसलं तर मांडीवरच्या आठ महिन्यांच्या नातवाला म्हणायचा, "हेरंबा, तुझ्या आजीला सांग, आज मीठ महाग झालंय का म्हणावं." आणि सासूबाई पदर सावरून म्हणायच्या, "हेरंबा, सांग आजोबांना, पानात डाव्या बाजूला बघतात का ते." हेरंब दोन्हीकडे बघून बोळकं पसरायचा. त्याच्या आधी हे काम मांजराकडे होतं म्हणतात.

तर अशा घरात राहून माणसानं प्रेमकथा लिहावी!

वाचनालयाच्या महिला वर्गात तिनं सल्ला विचारला, ही चूक झाली. शेजारच्या सुनीतीकाकू म्हणाल्या, "नायिकेला आजारी पाड गं. बायको अंथरुणाला खिळल्याशिवाय पुरुषाला ती दिसत नाही." शाळेत शिकवणारी मृदुला म्हणाली, "नायकाला काहीतरी येऊ देऊ नकोस बाई. पोहता येऊ नये, शिवता येऊ नये, काहीतरी. ज्याला सगळंच येतं त्याच्याकडे कोण बघणार?" आणि पलीकडच्या मणिबेन हात नाचवत म्हणाल्या, "बेयने झघडावो, बेन! झघडा वगर प्रेम केवो?" एकीनं तर दोघांना वेगवेगळ्या गावी ठेवून फक्त पत्रं लिहायला लावावीत असं सुचवलं, तिचे यजमान बरीच वर्षं अमरेलीला होते आणि ती फार सुखात होती.

शेवटी माडीवर तिनं रमाकांतलाच विचारलं, "तुम्हाला माझ्यात काय आवडलं?"

रमाकांत हिशेब तपासणीच्या कचेरीत होता. त्यानं प्रश्न उलटसुलट तपासला. मग म्हणाला, "तू... असतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे घरी आलो की असतेस."

तांब्याही असतो, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आणि तेव्हा तिला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला.

मागच्या बोळापलीकडे भास्कररावांचं घर. भास्करराव बदलीवर नवसारीला गेल्यापासून ते बंद होतं. पुढच्या दाराच्या कुलपावर गंज चढून ते फुलासारखं दिसत होतं. मागच्या पडवीवर लिंबाची फांदी वाकलेली, तिच्यावर दिवसा वानरं आणि दिवेलागणीला वटवाघळं. त्या पडवीत, पार आत, काळोखात, झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. कुर्र... कुर्र... सावकाश. वाऱ्यानं झोपाळा हलतो तेव्हा तो असा ठेक्यात हलत नाही. हा कुणीतरी पायानं दिलेला झोका होता. मग एक पुरुषी, खालच्या पट्टीतला शब्द. आणि त्यावर बाईचं हसू. चिंचोळ्या तोंडाच्या सुरईतून पाणी ओतताना येतं तसं, दाबलेलं. वाऱ्याबरोबर लवंग टाकलेल्या विड्याचा वास आला आणि गेला.

दिवा नव्हता. दार उघडल्याचा आवाज नव्हता.

शहाणी बाई खिडकी लावून रामरक्षा म्हणायला बसली असती. निरुपमानं खिडकी लावली आणि लिहायला बसली.

भुयारातला परीक्षेचा निकाल तिनं खोडला. आता तिची नायक-नायिका भुयाराबाहेरच्या काळोखात एका झोपाळ्यावर शेजारी शेजारी बसली. एकमेकांकडे तोंड करून नव्हे. दोघंही समोरच्या अंधाराकडे तोंड करून. पायानं झोका दोघांतलं एकच देत होतं, पण कोण ते तिनं सांगितलं नाही. पकडले गेलो तर सगळं संपलं, हे दोघांना ठाऊक, आणि तरी दोघं बसलेली. काय बोलली तेही नीट लिहिलं नाही, कारण तिला ऐकूच आलं नव्हतं.

अंक निघाला आणि वाचनालयात ओढाताण झाली. सुनीतीकाकूंनी ते प्रकरण मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि मध्येच चष्मा पुसला. दिनकररावांचं कार्ड आलं, "जोडी जिवंत झाली. अशीच ठेवावी."

म्हणून ती रोज दिवेलागणीला खिडकीशी उभी राहू लागली. ती वेळही सोयीची होती. सासूबाई विठोबाच्या देवळात कीर्तनाला गेलेल्या असत, मामंजी काठी घेऊन कमाटीबागेत फिरायला. आत्याबाई ओसरीवर जप करत.

पण आई झालेल्या बाईचं लक्ष एका जागी थोडंच राहतं! झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी ती; तिच्या ध्यानात आलं, की झोपाळा सुरू झाला की कडेवरचा हेरंब मान वळवतो. नेमकी त्या काळोखाकडे. आणि हसतो. अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरणारं पोर! एका संध्याकाळी तर त्यानं दोन्ही हात पुढे केले. 'ये' म्हणून कुणी बोलावलं की करतो तसे.

निरुपमा जिन्यावरून धावतच खाली आली.

मणिबेनजवळ तिनं हे अर्धंमुर्धं बोलून टाकलं, आणि तासाभरात ओळीला पूर्ण माहिती होती. प्लेगच्या साली म्हणे त्या घरात एक जोडपं भाड्यानं होतं, एकाच संध्याकाळी दोघं गेली. मूल नव्हतं. "एटलेच तो छोकराने बोलावे छे," मणिबेन कुजबुजल्या, म्हणूनच ती पोराला बोलावतात. छाणीचा भुवा, म्हणजे मांत्रिक, बोलावून धूप द्या म्हणाल्या. सुनीतीकाकूंनी पोराच्या पायाला काळा दोरा बांधला, गालाला तीट लावली, मग दुसऱ्या गालालाही लावली. मृदुला म्हणाली भुतं नसतात. पण त्या दिवसापासून ती बोळातून न येता मोठा वळसा घेऊन येऊ लागली.

"तुम्ही काहीतरी करा," निरुपमा रमाकांतला म्हणाली. "कादंबरी गेली खड्ड्यात. त्या घरातलं काय असेल ते निघालं पाहिजे."

रमाकांत कारकून माणूस. संकट आलं की त्याला एकच शस्त्र सुचे. त्यानं अर्ज केला. "सदरहू बंद घरात दिवेलागणीस झोपाळा चालतो व दांपत्यासारखे हसू येते, तरी चौकशी व्हावी."

घरपट्टीच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "दंपती घरधणी छे के भाडुआत?"

"ते माहीत असतं तर अर्ज कशाला केला असता?"

"भाडुआत होय तो पट्टी वधे. घरधणी होय तो घर बंध न गणाय." म्हणजे भाडेकरू असतील तर पट्टी वाढणार, मालक असतील तर घर बंद धरता येणार नाही. मग त्यानं आवाज खाली आणला. "ने भूत होय, साहेब, तो ए खातुं अमारुं नथी."

अर्ज तिथून दिवाबत्तीकडे गेला. त्यांनी शेरा मारला की दिवा लागतच नसल्यानं आमचा संबंध नाही. आरोग्याकडे गेला, त्यांनी विचारलं, वास येतो काय? रमाकांतनं प्रामाणिकपणे लिहिलं, "विड्याचा." मग तो फौजदारांकडे गेला. दुसऱ्या राज्यात असता तर तो एव्हाना कुणाच्या तरी गादीखाली सुखानं झोपला असता. पण महाराजांच्या राज्यात अर्ज हरवत नसत, आणि हीच तर पुढं पंचाईत झाली. फौजदार जयवंतरावांचा निरोप आला: गुरुवारी दिवेलागणीला पंचांसमक्ष कुलूप तोडून पाहणी होईल.

गुरुवारी अख्खी ओळ आवरून सावरून तयार होती. मणिबेननी तर शेव तळली होती. भूत निघालं तरी आलेल्या पाहुण्यांना काही द्यायला नको?

दुपारच्या जेवणातही तणाव होता. सासूबाईंच्या हातून आमटीत मीठ टाकायचं राहिलं होतं. मामंजींनी हेरंबाच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजलं. सासूबाईंनी पानं उचलताना भांडी जरा जास्तच वाजवली. संध्याकाळी दोघं नेहमीसारखी आपापल्या वाटेनं बाहेर पडली; वडीलधाऱ्यांना भुताची धास्ती नको, म्हणून पाहणीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अंधारू लागलं तशी निरुपमा हेरंबाला घेऊन मागच्या दारी आली. बोळ हातभर रुंद. समोरच भास्कररावांची पडवी. पुढच्या अंगाला लोक जमल्याचा गलका अजून दूर होता. लिंबावरची वटवाघळं एकदम सगळी उडाली. आणि काळोखात कडी वाजली. कुर्र...

इतक्या जवळून तिनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. तिनं हेरंबाला छातीशी आवळलं. तो मान उलटी करून त्याच बाजूला बघत होता, आणि हसत होता.

"मीठ नव्हतं तर नव्हतं म्हणावं," काळोखातून बाईचा आवाज आला. "पोराच्या कानात कशाला कुजबुजायचं?"

"मग काय आत्याबाईंसमोर ओरडू?"

"ओरडून बघा की एकदा. आभाळ कोसळतं का ते मलाही बघू दे."

आणि ते हसू. सुरईतलं.

या आवाजानं तिला रोज पहाटे हाक मारली होती, पण हे हसू तिनं घरात एकदाही ऐकलं नव्हतं. भूत निघालं असतं तर परवडलं असतं हो! भुताला भुव्यानं धूप दिला असता, प्रश्न मिटला असता. पण सासूबाई आणि मामंजी? नातवंड झाल्यावर, बंद घरात, अंधारात, एका झोपाळ्यावर? फौजदार, पंच आणि शेवेची परात यांच्यासमक्ष? मामंजी पुन्हा ओसरीवर येऊन बसले नसते. सासूबाईंनी तर विहीरच जवळ केली असती. आणि ही सगळी वरात बोलावली कुणी? तिनं!

पुढच्या दारावर घण पडला.

ती मागं वळली. रमाकांत नुकताच येऊन कपात चहा ओतत होता. तिनं त्याचा हात धरला, आत्याबाई ओसरीवर असताना, आणि त्याला ओढतच बोळ ओलांडून पडवीत नेलं. आत पाऊल टाकताच झोपाळा थांबला. काळोखात दोन आकृत्या उभ्या राहिल्या. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. काळोखाचा तेवढा उपकार होता.

बोलायचं कसं? सासऱ्यांशी सरळ बोलायची रीत नाही. निरुपमा हेरंबाच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "हेरंबा, सांग आजी-आजोबांना, पुढच्या दारी फौजदार आलेत. तुला घेऊन मागच्या दारानं जा म्हणावं. लवकर."

दोन थंडगार हातांनी पोर उचललं गेलं. साडी सळसळली, काठी दाराला लागली. मग काही नाही.

"हे काय..." रमाकांतनं तोंड उघडलं.

"बसा," निरुपमा म्हणाली. "झोका द्या."

त्यानं दिला. पुढचं दार उन्मळून पडलं, कंदिलांचा उजेड आत घुसला, आणि ओळीतल्या सगळ्या डोळ्यांना एकदम दिसलं, की झोपाळ्यावर इंटरपर्यंत शिकलेली, तारा वाचणारी, मासिकात लिहिणारी निरुपमा बसली आहे आणि शेजारी तिचा नवरा. नवऱ्याच्या हातात चहाचा रिकामा कप.

"अगंबाई!" सुनीतीकाकू म्हणाल्या. त्या एका शब्दात पुढच्या वर्षभराचा मजकूर होता.

जयवंतरावांनी कंदील वर धरला. "अर्जदार आपणच ना?"

"हो," रमाकांत म्हणाला.

"आणि झोपाळ्यावरही आपणच?"

"हो."

"मग तक्रार कुणाविरुद्ध?"

निरुपमानं डोळे मिटले. हिशेब तपासणारा हा माणूस. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. गर्दीच्या मागं मामंजी येऊन उभे राहिले होते, काठी टेकून, जणू आत्ताच बागेतून आले. त्यांना पाहूनही रमाकांतनं तिचा हात सोडला नाही. "माझ्या बायकोला झोपाळ्याची हौस आहे," तो म्हणाला. "घरात माणसं असतात." कान लालभडक झाले होते, पण आवाज ठाम होता.

कुणी हसलं, कुणी शुक् केलं. पंचनाम्यात 'झोपाळा एक, पुरुष एक, स्त्री एक, कप एक' असं लिहिलं गेलं. आता वडीलधाऱ्यांनी रागावणं भागच होतं. सासूबाई हेरंबाला घेऊन पुढं आल्या, मामंजी खाकरले आणि नातवाला म्हणाले, "हेरंबा, तुझ्या वडलांना सांग, असला चावटपणा यापुढे..." आणि पुढचं वाक्य त्यांना येईना. ते खाकरतच राहिले. पदराआड सासूबाईंचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं रडताहेत.

भास्कररावांनी जाताना मागच्या दाराची किल्ली मामंजींकडे ठेवली होती, हे निरुपमाला त्यानंतर उमगलं. पुढच्या दाराला सरकारी लाखेचं सील लागलं. आणि झोपाळा बंद झाला.

मग घर जे काही गप्प झालं! मामंजी बागेत जाईनात, सासूबाई देवळात जाईनात. दोघं दोन भिंतींना टेकून बसत आणि हेरंबाकरवीसुद्धा बोलत नसत. वाचनालयात निरुपमा गेली की बायका एकदम चूप होत आणि मग फार मायेनं चौकशी करत. ते सोसलं असतं. पण त्या दोन भिंतींकडे बघवत नव्हतं. ज्यासाठी नाक कापून घेतलं तेच हातचं गेलं होतं.

एका संध्याकाळी आत्याबाईंनी जपमाळ कनवटीला खोचली आणि ओसरीवरून हाक दिली, "दामू, माझी काठी दे. आजपासून कीर्तनाला मी जाणार."

"आत्याबाई, तुम्हाला दिसत नाही..."

"कीर्तन बघायचं असतं होय रे? आणि येताना मी खाकरेन. ओळीच्या टोकापासून खाकरेन, समजलं?"

आणि त्या भिंत चाचपत निघून गेल्या. जाताना सासूबाईंच्या बाजूला तोंड वळवून एवढंच म्हणाल्या, "आमटीत मीठ घालत जा गं."

मग मामंजी, हेरंब मांडीवर असूनही, थेट समोर बघून म्हणाले, "चहा टाकता का?"

"टाकते," सासूबाई म्हणाल्या.

निरुपमा पदराला डोळे पुसत माडीवर पळाली. खालून दोघांचे आवाज येत होते. अडखळत, मग सरळ, मग ते हसू. रमाकांत तिच्यामागं येऊन उभा राहिला.

तेवढ्यात बाहेर कडी वाजली. कुर्र... कुर्र...

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निरुपमानं खिडकी बोटभर उघडली. चंद्र नुकता वर येत होता आणि पडवीत थोडा उजेड पडला होता. झोपाळ्यावर आत्याबाई बसल्या होत्या. देवळात नव्हत्या गेल्या. लाल आलवण, मांडीवर काठी आणि मागच्या दाराची किल्ली. सासरचा उंबरा बघायच्या आत त्या विधवा झाल्या होत्या. नवऱ्याला पाहिलं ते अंतरपाट दूर झाला तेवढंच, आणि तेव्हाही, त्या सांगत, डोळ्यांवर झोप होती. आत्ता त्या झोपाळ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पदर आवरून, नव्या नवरीसारख्या. उरलेली जागा मोकळी ठेवली होती. ओठ हलत होते, पण जपाचे नव्हते. मध्येच थांबत, ऐकत, आणि मान हलवत.

एका कडेला बसलं की झोपाळा तिरका हिंदकळतो, हे बडोद्यात पोरालाही ठाऊक असतं.

हा सरळ चालला होता. आणि आत्याबाईंचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

रमाकांतनं तिचा हात घट्ट धरला. निरुपमानं आवाज न करता खिडकी लावून घेतली, आणि ओळीच्या टोकाकडून खाकरण्याचा आवाज येईपर्यंत ती दोघं तशीच, अंधाराकडे तोंड करून, शेजारी शेजारी उभी राहिली.